पेरभर पाणी आणि चवीनुसार मीठ: पाककृती लिहायची कशी?

तुमच्या घरात पाककृतींची एखादी वही असेलच. जुन्या डायरीत लिहिलेली, मध्येच वर्तमानपत्राची कात्रणं खोचलेली, तेलाच्या डागांनी काही पानं आरपार दिसणारी. ती आज जरा काढा. पदार्थ करायला नको, नुसती वाचायला. काय लिहिलंय आणि काय गाळलंय, एवढंच बघायचं.

हे सांगणारा मी काही स्वयंपाकातला जाणकार नाही. माझं पीएचडीचं काम अस्फटिकी घन पदार्थांवर आहे. म्हणजे काच, काही औषधं आणि (हे गाइडसमोर फार बोलत नाही) चिक्की. या कामात निम्मा दिवस दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रयोगकृती वाचण्यात जातो. त्यात एक वाक्य हमखास सापडतं: मिश्रण खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवावे. आता कुणाची खोली आणि कुणाची रात्र? मे महिन्यात तळेगावात पंख्याखालची खोली आणि युरोपातली वातानुकूलित प्रयोगशाळा यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. लिहिणाऱ्याला ते वाक्य पूर्ण वाटतं, कारण त्याची खोली त्याला ठाऊक असते. ‘मध्यम आचेवर परतावे’ हे याच जातीचं वाक्य आहे.

त्यामुळे आज पाककृतीच्या चवीबद्दल काही बोलायचं नाही. तिच्या मांडणीबद्दल बोलायचं. कुठली मांडणी कुठली माहिती राखते आणि कुठली सांडते, हा प्रश्न.

आज आपल्याला ‘साहित्य’ आणि खाली ‘कृती’ ही मांडणी इतकी सवयीची झाली आहे की पाककृती म्हणजे हीच, असं वाटतं. पण ती मुळीच सनातन नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त अन्नाचं वर्णन संस्कृत श्लोकांत आहे. ती पाठांतराची मांडणी. ‘साहित्य’ वेगळं काढून दाखवणं ही छापील पुस्तकाची गरज. इंग्लंडमध्ये एलायझा ॲक्टनने 1845 च्या पुस्तकात घटकांची यादी वेगळी काढली, पण ती ठेवली कृतीच्या शेवटी. पुढे 1861 मध्ये इझाबेला बीटनच्या पुस्तकात ती वर आली. मराठीत 1875 मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ आलं, 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ आलं, ज्याचं दुसरं नावच ‘हजार पाकक्रिया’. आणि 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’, जी तुमच्या घरात नसेल तर शेजारच्या घरात नक्की असेल.

‘रुचिरा’चं कौतुक लोक चवीसाठी करतात. मला ते मापांसाठी करावंसं वाटतं. 1956 च्या कायद्यानंतर शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले, तरी स्वयंपाकघरात तराजू काही आला नाही. कमलाबाईंनी ग्रॅम सोडून वाटी आणि चमचा धरला. वरवर बघता हे घरगुती, ढोबळ माप. पण नीट बघा. एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, पाव वाटी तूप. यात वाटी किती मिलीची, हा प्रश्नच उरत नाही. सगळं त्याच वाटीनं घेतलं की झालं. वाटी हे इथे एकक नाहीच, ते गुणोत्तर आहे. तुमची वाटी दीडशे मिलीची असो की दोनशेची, शिरा शिराच होणार. माणसं दोन असोत वा सहा, वाटी लहान-मोठी करा.

जुनी मापं तर याहून मजेदार होती. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. सगळा खेळ दुपटीचा. दहाचा भाग डोळ्यांनी पाडता येत नाही, पण निम्मं मात्र कुणालाही पाडता येतं. आज कॉम्प्युटरवाले दोनाच्या पटीचं कौतुक करतात तेव्हा मला आमच्या माळ्यावर पडलेलं चिपटं आठवतं.

पण वाटीची हद्द कुठे संपते, तेही बघायला हवं. त्याच पाककृतीत ‘2 कांदे, 4 हिरव्या मिरच्या, 1 चमचा तिखट’ असं आलं की गुणोत्तर मोडलं. कांदा वाटीबरोबर मोठा होत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात की समीकरणाच्या दोन्ही बाजूंची परिमाणं जुळली पाहिजेत. आपल्या बहुतेक पाककृती ही परीक्षा नापास होतील. वाटी मोठी घेतली की भाजी बेचव का होते, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. तिखट-मीठ चमच्यावर अडून बसलेलं असतं.

आता पाणी. ‘एक वाटी तांदूळ, दोन वाटी पाणी’ ही आपली सगळ्यात पाठ झालेली ओळ. मावळात ती सर्रास फसते. इथला तांदूळ इंद्रायणी. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तो तयार झाला आणि 1987 मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आला. वासाचा, चिकट, मऊ. त्यात दिवाळीनंतर नवा तांदूळ घरात आला की तो पाणी कमी पितो, वर्षाचा जुना जास्त पितो. पुण्याहून भाड्यानं राहायला आलेली मुलं कामशेतच्या बाजारातून हौसेनं इंद्रायणी नेतात, कुकरला दोनास एक लावतात आणि खीर खातात. दोष तांदळाचा नाही आणि मुलांचाही नाही. त्या ओळीत जात नाही आणि वय नाही.

आणखी एक गोष्ट त्या ओळीत नाही. पातेल्यातलं पाणी दोन ठिकाणी जातं. काही तांदूळ पितो, काही वाफ होऊन उडतं. पिण्याचं पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढतं. वाफेचं पाणी भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर अवलंबून असतं. तांदूळ दुप्पट केला म्हणून ते दुप्पट होत नाही. म्हणजे ‘दोनास एक’ हे सूत्रच चुकीच्या आकाराचं आहे. त्यात एक स्थिर रक्कम मिळवायला हवी.

ही स्थिर रक्कम आपल्याकडे आधीपासून आहे. तांदळाच्या वर बोटाचं एक पेरभर पाणी! तांदळाच्या दाण्यांमधल्या फटी भरणारं पाणी तांदळाबरोबर वाढतं आणि वरचं पेरभर त्याच भांड्यात तेवढंच राहतं. शाळेतलं सरळ रेषेचं समीकरण, पण बोटावर लिहिलेलं. याचीही हद्द आहे. नुसत्या फटींमधलं पाणी तांदळाला पुरत नाही, उरलेली भर वरच्या पेरातून पडते. घरच्या पातेल्यात ती भागते. पंगतीच्या खोल पातेल्यात तांदळाचा थर हातभर झाला की पेरभर पाणी कमी पडणार. तिथे आचारी वेगळा हिशेब करतात किंवा भरपूर पाण्यात शिजवून वेळून टाकतात. पण घरापुरतं बघाल तर पेर हे दोन वाट्यांपेक्षा शहाणं माप आहे, आणि छापील पुस्तकात त्याला क्वचितच जागा मिळते. ते ‘अंदाज’ या खात्यात जातं.

‘अंदाज’ या शब्दावर माझा राग आहे. ज्याला आपण अंदाज म्हणतो ते अनेकदा मोजमापच असतं, फक्त त्याचं उपकरण दुकानात मिळत नाही.

याचं सगळ्यात चोख उदाहरण लोणावळ्यात आहे. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली. घाटात राबणाऱ्या मजुरांसाठी केलेल्या गूळ-दाण्याच्या खाऊतून इथली चिक्की आली, असं सांगतात. आज स्टेशनपासून हमरस्त्यापर्यंत दुकानाला लागून दुकान. चिक्कीचं साहित्य दोन शब्दांत संपतं: गूळ, दाणे. सगळी विद्या पाकात. इंग्रजी धाटणीच्या पाककृतीत इथे आकडा येतो, पाक सुमारे 150 अंश सेल्सिअसला आणा. मराठी पाककृतीत येतं: पाकाचा थेंब गार पाण्यात टाकावा, कडक होऊन कटकन तुटला की पाक झाला.

बहुतेकांना वाटतं की आकडा शास्त्रीय आणि थेंब गावठी. मला उलट म्हणायचंय. आपल्याला हवंय काय? पाकात पाणी नेमकं किती उरलंय, ते. तापमान हा त्या उत्तरापर्यंत जायचा आडवळणाचा रस्ता, कारण पाणी कमी होतं तसा पाकाचा उत्कलनबिंदू चढतो. पण उत्कलनबिंदू हवेच्या दाबावरही ठरतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून साधारण 620 मीटर उंच. इथे साधं पाणी 100 ला नाही, 98 अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या जवळपास. मुंबईच्या आकड्यानं महाबळेश्वरला पाक केला तर तो पुढे गेलेला असणार. चिक्कीसारख्या कडक पाकात हा फरक फारसा जाणवत नाही, कारण शेवटी शेवटी थोडं पाणी उडालं तरी तापमान झपाट्यानं चढतं. पण एकतारी-दोनतारी पाकाची सगळी मर्यादाच चार-सहा अंशांची. तिथे दोन-चार अंश म्हणजे लाडू की खडे, इतका फरक.

बोटांमध्ये ओढलेली तार मात्र हवेचा दाब विचारत नाही. ती पाकाचा घट्टपणा थेट दाखवते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे शब्द म्हणजे पाकाच्या अवस्थांची नावं आहेत, आणि अवस्था सगळीकडे तीच असते. मुंबईची बाई, महाबळेश्वरची बाई, कुणीही तार ओढा. थर्मामीटर नको असं माझं म्हणणं नाही, मी तो रोज वापरतो. पण कारखान्यात एकाच जागी, एकाच कढईत हजार वेळा करायचं तर आकडा उत्तम, आणि पाककृती एका घरातून दुसऱ्या घरात जायची असेल तर खूण उत्तम.

खुणेचा शब्द एखादवेळी साहित्यातच दडलेला असतो. ‘चिकीचा गूळ’ घ्या. तिळाच्या लाडवाला हाच हवा, आणि गूळपोळीला नेमका हा नको, साधा मऊ गूळ हवा. एका विशेषणात पूर्ण पदार्थ. गुळात साखरेशिवाय ग्लुकोज-फ्रुक्टोजही असतं. ते साखरेचे स्फटिक जमू देत नाही, म्हणून पाक काचेसारखा गोठतो. ही काच पाणी मिळालं की मऊ पडते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. जुलैमध्ये उघडी ठेवलेली चिक्की संध्याकाळपर्यंत बोटांना चिकटते, ती नासली म्हणून नव्हे, हवेतलं पाणी प्यायली म्हणून. आता सांगा, ‘ऋतू’ हा रकाना कुठल्या पाककृतीत बघितलाय तुम्ही? पापड-कुरडयांना आपण उन्हाळा गृहीत धरतो, बाकी सगळं जणू बारमाही एकाच हवेत होतं.

खुणांची बाजू घेतोय म्हणून आपल्या पाककृतींचं सगळं चांगलं, असं नाही. दोन सवयी मला खटकतात.

एक, ‘फोडणीचं साहित्य’. कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये जसं एकदा लिहून ठेवलेलं काम पुढे नुसत्या नावानं बोलावतात, तसं हे आहे. दोन शब्दांत तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, त्यांचा क्रम आणि सेकंद. सोय मोठी. पण ते मूळ काम कुठे लिहून ठेवलंय? पुस्तकात शोधा, बहुतेक वेळा नाहीच. ते स्वयंपाकघरात आईशेजारी उभं राहून शिकायचं होतं. ज्याला तसं उभं राहायला मिळालं नाही, त्याच्यासाठी पाककृतीचा अर्धा भाग कोराच. तो मुलगा असेल, हॉस्टेलवर वाढलेली मुलगी असेल, किंवा लग्न करून दुसऱ्या प्रांतातून आलेली सून. मोहरी तडतडायच्या आत हळद टाकली तर हळद जळते, हे कुणीतरी एकदा लिहायला हवं ना?

दुसरी सवय, ‘मीठ चवीनुसार’. भाजी-आमटीत हे अगदी योग्य, चाखून वाढवता येतं. पण कैरीच्या लोणच्यात मीठ चवीसाठी नसतं, लोणचं टिकावं म्हणून असतं. तिथे ‘चवीनुसार’ लिहिणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. हल्ली सगळ्यांना मीठ कमी करायचंय, ते ठीकच आहे, पण वाचणाऱ्याला कसं कळावं की आमटीतलं मीठ त्याच्या हातात आहे आणि बरणीतलं नाही? दोन्हीकडे तेच दोन शब्द छापलेले.

इंजिनिअर मंडळींनी मांडणीवर एक वेगळा उपाय काढलाय, तोही बघू. मायकल चू नावाच्या अमेरिकी इंजिनिअरनं ‘कुकिंग फॉर इंजिनिअर्स’वर पाककृती तक्त्यात मांडल्या. डावीकडे घटक एकाखाली एक, उजवीकडे सरकत जाणारे चौकोन: हे दोन फेटा, त्यात तिसरं घाला, सगळं भाजा. कुठल्या गोष्टी एकमेकींची वाट न बघता समांतर चालू शकतात, हे एका नजरेत दिसतं. मला ही पद्धत फार आवडली, म्हणून पुरणपोळी त्यात बसवून बघितली. सुरुवात झकास. वरच्या फांदीत डाळ शिजवा, गूळ घाला, पुरण वाटा. खालच्या फांदीत कणीक भिजवा, तेल लावून मुरत ठेवा. दोन्ही फांद्या उजवीकडे मिळतात, पोळी होते.

पण डाळ शिजल्यावर वेळून काढलेला कट? तो उजवीकडे सरकत नाही. तो या तक्त्यातून बाहेर पडून कटाच्या आमटीत जातो. चूच्या तक्त्यात फांद्या फक्त मिळतात, फुटत नाहीत. आपलं स्वयंपाकघर तसं नाही. ताकाचं लोणी, लोण्याचं तूप, बेरीची पोळी, उरलेल्या भाताचा फोडणीचा भात. एका पदार्थाच्या शेवटातून दुसरा सुरू होतो. एक पान, एक पदार्थ ही मांडणीच मुळात ज्या घरात काही वाया घालवत नाहीत त्या घराची नाही.

आणि तक्त्याच्या चौकोनात खूण बसत नाही, हे तर उघडच आहे. ‘पुरण झालं’ हे कसं ओळखायचं? पुरणात उलथनं उभं राहिलं पाहिजे. हे वाक्य चौकोनात लिहायला जागा होती, पण कुणाला लिहावंसं वाटलं नसतं.

हा सगळा उद्योग मी का करतोय, त्याचं एक घरचं कारण आहे. माझी आजी पवन मावळातली. तिच्या हातची तांदळाची भाकरी कुणी लिहून ठेवलेली नाही. माझ्या मावसबहिणीनं नोकरीसाठी बंगळुरूला जाताना तिच्याकडून पाककृती लिहून घेतली. वहीत एवढंच आहे: तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, उकड काढून थापावी. खोटं एक अक्षर नाही त्यात, आणि भाकरी मात्र त्यातून होत नाही. आजीला विचारलं तर ती म्हणते, “अगं, पीठ सांगतं की.” पीठ काय सांगतं ते तिला शब्दांत सांगता येत नाही, कारण तिला आजवर कुणी तसं विचारलंच नव्हतं. ती आता चुलीशी फार वेळ बसत नाही. हातात अजून सगळं आहे, पण किती दिवस, हे आम्ही कुणी बोलत नाही.

तुमच्याकडे असं कुणी असेल तर लिहून घेण्याची प्रयोगशाळेतली एक रीत सांगतो. त्यांना वाटी हातात देऊन ‘मोजून टाका’ म्हणू नका. मोजायला लावलं की हात बिचकतो, आणि नोंद होते ती बिचकलेल्या हाताची. त्याऐवजी स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी पिठाचा डबा वजनकाट्यावर ठेवा, मिठाची बरणी ठेवा, पाण्याचा तांब्याही ठेवा. मग त्यांना त्यांच्या मुठीनं, त्यांच्या ओंजळीनं करू द्या. झाल्यावर सगळं पुन्हा तोला. फरक म्हणजे वापरलेलं प्रमाण. एकदा नाही, तीन-चार वेगळ्या दिवशी करा. कुठला आकडा दर वेळी तोच येतो आणि कुठला हवा-पिठाप्रमाणे हलतो, हे तेव्हाच कळतं. हलणाऱ्या आकड्याशेजारी आकडा लिहू नका, खूण लिहा.

खूण मिळवायला प्रश्नही बदलावा लागतो. ‘किती वेळ?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘होईपर्यंत’. ‘आत्ता का थांबलीस?’ असं नेमक्या त्या क्षणी विचारलं तर उत्तर वेगळं येतं. आमच्या भाकरीचं आतापर्यंत एवढं लिहून झालंय: पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पीठ एकदम टाकायचं, ढवळायचं नाही, मधोमध उलथन्याच्या दांड्यानं भोक पाडून झाकायचं. पिठावरचा पांढरा कोरडेपणा गेला की उतरवायचं. हाताला सोसवत नाही तोच मळायला घ्यायचं. थापताना कड चिरली तर गोळ्यात पाणी कमी, परातीला चिकटली तर जास्त. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं आणि ते सुकून भाकरीची चकाकी जायच्या आत उलटायची. चकाकी गेल्यावर उलटली तर पापुद्रा चिरतो, वाफ बाहेर पडते, मग भाकरी फुगत नाही. शेवटच्या ओळीतली चकाकी आजीनं तिसऱ्या दिवशी सांगितली. पहिल्या दोन दिवशी मी वेळ विचारत होतो.